जे आतून पुसता येत नाही

६ ऑक्टोबर

शिंपीणबाई,

न वाचता फाडणार असशील तर या वेळी जरा थांब. हे भांडणाचं पत्र नाही. आपल्या भिंगरीचा बाजा तुमच्याकडे यायला निघाला आहे, एवढंच कळवायला बसलो होतो. पण एकदा बसलो की माझं तोंड आवरत नाही, हे तुला नव्याने सांगायला नको.

तुझं या वर्षातलं ते एकुलतं एक पत्र. "इथे कुणाला ठाऊक नाही आम्ही कुठल्या ते. तसंच राहू दे. येऊ नकोस." दोरा संपत आल्यावर टाके मोजून घालतेस तसं. पण त्याच कागदाच्या मागे, खालच्या कोपऱ्यात, तुझ्या लेकीने पेन्सिलीने लिहिलं होतं, "बाबा, माझा बाजा आणा." तू पाकीट बंद करायच्या आधी तिने कधी डाव साधला कोण जाणे. तिला रागावू नकोस. अणुभट्टी फुटली त्या दिवशी माणशी एकच पिशवी घेऊन बसमध्ये चढवलं आणि तिचा अकॉर्डियन पलंगाखाली राहिला. पोरगी वाटभर रडली ती घरासाठी नाही, बाज्यासाठी. आपण दोघं तेव्हा समजूत काढत होतो की चार दिवसांत परत येऊ.

आता ऐक. आमच्या साफसफाईच्या टोळीच्या वाट्याला या आठवड्यात आपलीच गल्ली आली. मुकादम म्हणाला, "सुतार, तुला दुसरी गल्ली देऊ का?" मी म्हटलं, "माझ्या घरातली धूळ दुसऱ्याने काढली तर बायको मला घरात घ्यायची नाही." सगळे हसले. मीही हसलो. तू तशीही घरात घेत नाहीस, हे त्यांना कुठे माहीत.

कुलूप मीच उघडलं. बाहेरून घर जसंच्या तसं. मधल्या खोलीच्या खिडकीची एक काच फुटलेली, तिथून वर्षभर वारा आत येत होता. तुझं मशीन चादरीखाली, सुईत निळा दोरा अजून ओवलेला. मोजपट्टी खिळ्याला. आमची काम करायची रीत अशी की ओलं फडकं एकाच दिशेने ओढायचं, घडी पालटायची, पुन्हा पुढे. मागे फिरवायचं नाही, नाहीतर पुसलेलं परत फासलं जातं. मी तुझं मशीन तसं पुसलं. तू पाहिलं असतंस तर म्हणाली असतीस, संसारात कधी असं एक कपाट पुसलं नाहीस.

माझ्याबरोबर मास्तर असतात. आधी शाळेत भूगोल शिकवायचे, आता माझ्याबरोबर छतं उतरवतात. मधल्या खोलीचं छताखालचं कापड आम्ही खाली ओढलं तेव्हा एवढी धूळ आली की मास्तर दिसेनासे झाले. अशा वेळी धूळ खाली बसेपर्यंत नुसतं थांबायचं असतं, काही हलवायचं नाही. धूळ बसायची वाट बघता बघता पलंगाखाली वाकलो, तर बाज्याची पेटी! दोन्ही कड्या घट्ट लागलेल्या. आतलं लाल मखमल नवंकोरं. धुळीचा कण नाही. माझ्या वडिलांनी ती पेटी करून घेतली होती, झाकणाच्या फटीत केससुद्धा शिरणार नाही. मला राहवलं नाही. मास्तर म्हणाले, "वाजतो का बघा." मी पट्टे खांद्यावर चढवून भाता पुरता ताणला आणि तिचं ते गाणं वाजवलं, ती तिसऱ्या वळणावर अडखळते ते. तोंडावर मास्क होता म्हणून शब्द मनातल्या मनात. एकही पट्टी गेलेली नाही. मास्तरांचे डोळे भरले, ते म्हणाले धुळीने.

नाक्यावर मात्र आडकाठी आली. तिथे मोजणीच्या मॅडम असतात, वयाने लहान पण कडक. आतल्या भागातली वस्तू बाहेर न्यायची तर त्यांच्या यंत्राचा काटा काय म्हणतो त्यावर सगळं. काटा शांत होता! तरी म्हणाल्या, "जे आतून पुसता येत नाही, ते बाहेर जात नाही." मी म्हटलं, "अहो, आत धूळ गेलीच नाही तर पुसायचं काय? वर्षभर बंद पेटीत होता." त्या म्हणाल्या, "नियम आहे, काका." नियमाला काय कळतं लेकरू म्हणजे काय ते. पाण्याच्या टँकरवाल्याशी माझी गट्टी आहे. त्याने पेटी बाहेर काढून ट्रान्सपोर्टने रवाना केली, तुझ्या ताईंच्या पत्त्यावर नाही, थेट तुझ्या. सुतळीने आवळून वर माझी ती उलटी गाठ मारली आहे. ती माझ्याशिवाय कुणाला बांधता येत नाही आणि तुझ्या दातांशिवाय कुणाला सुटत नाही.

तू म्हणाली होतीस, त्या कामावर गेलास तर तिकडची एक वस्तू माझ्या दारात आणायची नाही. ही एवढी एक चालवून घे. मला आपलं घर परत हवं होतं म्हणून मी या कामावर आलो, दुसरं काही कारण नव्हतं.

तुझा
सुतार


१० ऑक्टोबर

शिंपीणबाई,

पेटी अजून पोचली नसेल. ट्रान्सपोर्टवाले आठ-दहा दिवस लावतात, मी विचारलं.

आज इथे एक गंमत झाली. मुकादमाला त्याची जीप बाहेर न्यायची होती. दोन दिवस त्याने ती धुतली, पुसली, चाकांच्या खाचा ब्रशने घासल्या. नाक्यावर उभी केली आणि बॉनेटवर थाप मारून म्हणतो कसा, "घ्या मॅडम, जेवायला ताट म्हणून वापरा!" काटा खरंच हलला नाही. मग मेकॅनिकने बॉनेट उघडून हवेची जाळी काढली, इंजिनात हवा शिरते तिथली, आणि मॅडमनी यंत्र त्या जाळीजवळ नेलं. काटा एकदम टोकाला जाऊन आपटला. मुकादमाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मॅडम म्हणाल्या, "बाहेरून कितीही पुसा. गाडी श्वास घेते." सगळे खो खो हसले.

बरं, एक सांगायचं राहिलं. भात्याच्या एका घडीला मी सरस लावला आहे. तो नीट वाळायला हवा. पेटी आली की उघडू नका. बाहेर गॅलरीत ठेव, ऊन लागेल अशी. भिंगरीला हात लावू देऊ नकोस, हट्ट केला तरी. सरस ओला असताना भाता ताणला तर फाटतो. मी कळवेन कधी उघडायचा ते.

इकडे सगळं ठीक. हवा चांगली आहे.

सुतार

ता. क. खरंच उघडू नका.


१२ ऑक्टोबर

सरसाचं खोटं आहे. सरस बिरस काही लावलेला नाही.

कालपासून पेन हातात घेतोय आणि ठेवतोय. सरळ सांगतो, मधे थांबलो तर पुन्हा काहीतरी विनोद करेन. त्या दिवशी खोलीत धूळ उडालेली होती, डोळ्यांपुढचा माणूस दिसत नव्हता, आणि त्या धुळीत मी भाता ताणला. पुरता. एकदा नाही, गाणं संपेपर्यंत. पेटी वर्षभर बंद होती, आतून स्वच्छ होती, हे सगळं खरं होतं. मी उघडेपर्यंत खरं होतं. आपल्या छतावरची सगळी घाण मीच त्याच्या पोटात ओढून घेतली, मग कड्या लावल्या, बाहेरून एकाच दिशेने फडकं ओढलं आणि लेकीला पाठवून दिला.

जीपची जाळी बघताना मीही हसत होतो. हसता हसता मला भाता आठवला. मास्तरांकडे पाहिलं तर ते माझ्याकडे बघत होते.  त्या क्षणापासून पाचावर धारण बसली आहे. भिंगरी बाजा कसा वाजवते ते तुला माहीत आहे, हनुवटी वर टेकवून, तोंड अगदी भात्यापाशी. तो प्रत्येक वेळी मिटला की जे आत आहे ते तिच्या तोंडावर येणार. मी डोळे मिटले की मला तेच दिसतं.

तुझा फोन नंबर बदललेला. ताईंना चार वेळा फोन केला. माझा आवाज ऐकला की ठेवून देतात. चौथ्या वेळी मी ओरडलो, "ताई, पेटी उघडू देऊ नका!" त्या म्हणाल्या, "दारू प्यायला लागलात का?" आणि ठेवला. त्यांचं चुकलं असं तरी कसं म्हणू. टँकरवाल्याला गाठलं. तो म्हणतो पेटी ट्रान्सपोर्टच्या गोदामातून पुढे गेली, आज-उद्या पोचेल, आणि माझं नाव घेतलंस तर बघ. घेणार नाही म्हटलं.

उरला एकच रस्ता, मॅडमना सांगणं. त्यांची गाडी सकाळी निघाली तर दुसऱ्या दिवशी दुपारी तुझ्या दारात. पण त्या आल्या की पांढऱ्या पोशाखातली माणसं येणार, यंत्रं येणार, जिन्यात अडवायची पट्टी लावणार. सगळ्या इमारतीला कळणार तुम्ही कुठल्या. घरमालकीण काय करेल, शिलाईला येणाऱ्या बायका काय करतील, भिंगरीला वर्गात पुन्हा एकटीला बाकावर बसवतील का. आधीच्या शाळेत आठवतं ना, तिने एका मुलीच्या पट्टीला हात लावला म्हणून त्या मुलीच्या आईने पट्टी केरात टाकली होती. तू एवढं लपवून, एवढं जुळवून आणलंस. ते माझ्या हातून उसवायचं.

म्हणून आज दिवसभर गप्प बसलो. तुला पत्रं मिळत असतील, तू वाचत असशील, पेटी गॅलरीत पडली असेल, असं स्वतःला समजावत बसलो. तू वाचतेस का गं? एकदा तरी हो किंवा नाही लिहिलं असतंस.


१३ ऑक्टोबर

सांगितलं मॅडमना.

सकाळी नाक्यावर गेलो. त्या हातमोजे चढवत होत्या. मी म्हटलं, "मॅडम, तो बाजा." त्या म्हणाल्या, "काका, नियम सांगितला ना." मी म्हटलं, "गेला तो. बाहेर गेला." त्यांनी हातमोजा अर्धा तसाच ठेवला. मग मी सगळं सांगितलं, छत, धूळ, गाणं. मला वाटलं होतं ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "मुलगी केवढी आहे?"

नऊ वर्षांची म्हटल्यावर त्या उठल्याच. मी विचारलं, किती वाईट आहे? म्हणाल्या, "मोजल्याशिवाय मी काही बोलणार नाही. थोडं असेल, फार थोडंही असेल. पण धूळ मुलांच्या छातीत जायची असेल तर थोडं हा शब्द मी वापरत नाही." 

टँकरवाल्याचं नाव मी घेतलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. माझ्यावर चौकशी बसेल, काम जाईल, जाऊ दे.

मग मी त्यांच्यापुढे हात जोडले. म्हटलं, तिने नवी सुरुवात केली आहे, तिथे कुणाला माहीत नाही, पांढरे पोशाख घालून गेलात तर तिचं सगळं मोडेल. त्यांनी तो हातमोजा काढून ठेवला. शेवटी म्हणाल्या, "पेटी बांधलेली होती म्हणता ना? गाठ तुमचीच असेल, सुटलेली नसेल, तर पेटी उघडलेली नाही. तसं असेल तर तुम्ही साध्या कपड्यांत वर जा, पेटी खाली आणा, मी गाडीतच बसते. पेटी सामान म्हणून आली, सामान म्हणून गेली. कुणाला काही कळायचं कारण नाही." आणि सुटलेली असेल तर? "तर काका, मी जिना बंद करणार. घरातल्या प्रत्येकाला मोजणार, शेजाऱ्यांनाही. तिथे माझ्याकडे गयावया करायची नाही."

मी कबूल झालो. उद्या पोचू. गाडी साधी आहे, बाहेर काही लिहिलेलं नाही. मॅडमचा आणि ड्रायव्हरचा पांढरा पोशाख मागच्या पेटाऱ्यात ठेवला आहे. मास्तर निरोप द्यायला आले, माझा खांदा दाबला आणि गेले. 

हे पत्र टाकण्यात अर्थ नाही, मीच आधी पोचेन. तरी लिहितो आहे. लिहिताना तू समोर बसून ऐकतेस असं वाटतं, आणि आज एकटं बसवत नाही.

गाठ शाबूत असू दे. आयुष्यभर तू माझ्या गाठींना नावं ठेवलीस, कशाला एवढी आवळतोस म्हणून. या वेळी तुझे दात तिला लागलेले नसू देत.


१४ ऑक्टोबर

तुझ्या घरासमोर गाडी उभी आहे. रस्त्याच्या पलीकडे, चाव्या करून देणाऱ्याच्या टपरीजवळ. मी मागच्या सीटवर आहे, कागद गुडघ्यावर आहे म्हणून अक्षर असं आलं आहे.

तिसऱ्या मजल्यावरची खिडकी तुझी असावी, तिथे मशीनचं चाक दिसतं. मशीन उजेडाला लावलं आहेस, आपल्याकडे होतं तसंच. दोरीवर भिंगरीचा शाळेचा गणवेश वाळतोय. तिची उंची वाढलेली दिसते, बाह्यांवरून कळतं. खाली दारात घरमालकीण असावी, खुर्ची टाकून बसलेली. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाशी बोलते आहे. तू दिसली नाहीस.

गॅलरीत पेटी नाही. मी तीनदा पाहिलं. आत असेल, कॉटखाली असेल, अजून पोचलीच नसेल. मॅडम म्हणाल्या, जरा दम घ्या, मग वर जा. चेहरा असा घेऊन गेलात तर बायको दार उघडायची नाही. त्यांच्या कार्यालयाचा फोन आला म्हणून थांबलो आहे. त्यांचं झालं की जायचं. दाराशी तुला काय सांगायचं ते सुचत नव्हतं म्हणून हे लिहायला घेतलं, तू दार लावून घेतलंस तर फटीतून सरकवीन. काय लिहायचं ते ठरवलं होतं: पेटी दे, मी जातो, काही विचारू नकोस, कुणाला काही कळणार नाही, भिंगरीला सांग बाबांनी दुसरा बाजा आणायचं कबूल केलं आहे. आणि तुझं बरोबर होतं, तिकडची एक वस्तू दारात नको म्हणालीस ते.

थांब.

वाजतोय.

माझ्या बाजूची काच अर्धी उघडी आहे. वरून येतोय आवाज. आपलं गाणं. पहिलं वळण, दुसरं. तिसऱ्यावर अडखळली. आता ती "परत" म्हणाली असेल. हो, पहिल्यापासून सुरू केलं. भाता पुरता ताणून सुरू करते ती, मीच शिकवलं आहे, श्वास भरून घ्यावा तसा ताणायचा.

किती सुंदर वाजवते गं. एका वर्षात एवढी सुधारली.

मॅडम पुढच्या सीटवर आहेत. त्यांची काच बंद आहे, एका कानाला फोन आहे, दुसऱ्या कानावर हात. त्यांना ऐकू आलेलं नाही. ड्रायव्हर पान खायला उतरला आहे. या गाडीत हे फक्त मला माहीत आहे. मी आत्ता वर गेलो, भिंगरीच्या हातून बाजा काढून घेतला, पेटीत घातला, वर सुतळी आवळली, तर माझी गाठ मला मारता येते. मॅडमना ती शाबूत दिसेल. जिन्यात कुणी येणार नाही, घरमालकीण खुर्चीत बसलेली राहील, उद्या बायका ब्लाउज घेऊन येतील. तू मला कदाचित चहाही विचारशील.

आणि जे आत्ता वर उडालं आहे ते पडद्यात, गादीत, तिच्या केसांत, तिच्या छातीत राहील. ते किती आहे हे कुणी कधी मोजणार नाही.

पुन्हा तिसऱ्या वळणावर आली. या वेळी अडखळली नाही. पुढे गेली.

तू मला माफ करू नकोस. दार उघडशील तेव्हा माझ्या मागे पांढऱ्या कपड्यातली माणसं असतील. आधी पोरीला उचल, तोंडावर ओला रुमाल धर, खिडक्या लावू नकोस, उघड्या ठेव, आणि कुणी काही म्हटलं तर म्हण, या माणसाने आणलं हे, आम्हाला काही माहीत नव्हतं. तसं म्हणालीस तर खोटं होणार नाही.

मी मॅडमना काच खाली करायला सांगतो आहे.